मान मोजायची शिडी कुठली?

आमच्या शेजारचा पोरगा नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत वेल्डर होता. कतारमध्ये, दोहाला गेला तो ‘हेल्पर’ म्हणून. पहिलं वर्ष पाइप उचलण्यातच गेलं. सुट्टीत सोनेगाव विमानतळावर उतरला, तर गल्लीने नाव ठेवलं ‘दुबईवाला’. (आमच्या गल्लीचा भूगोल असाच.) काम कसं आहे विचारलं, तर म्हणाला, “मस्त आहे नं काका.”

हे मनापासून की सांगण्यापुरतं? तपासणं कठीण. परदेशी जाणारा मुळातच धडपड्या. त्याची घरी राहिलेल्याशी तुलना करून काय कळणार? पण 2002 पासून न्यूझीलंड टोंगा बेटांवरच्या अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून काहींना कायमचं येऊ देतो. चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले, दोघेही तितकेच उत्सुक. फरक नशिबाचा! संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला.

गेलेल्यांची कमाई बरीच वाढली, मानसिक आरोग्य सुधारलं, आनंद मात्र घटला. खरी गंमत मानाची. समाजात तुमचा मान पूर्वी किती होता, आता किती, असं विचारलं तर गेलेले म्हणत, वाढला. चिठ्ठी न निघालेल्यांशी ताडून पाहिलं, तर कमी झालेला! आजची पायरी उंच वाटते, कारण कालची आठवणीत खाली सरकलेली असते, असा मी याचा अर्थ लावतो.

स्थलांतरिताच्या हुद्द्याचा आलेख बहुधा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो, असं अर्थशास्त्रज्ञ बॅरी चिझविक यांनी दाखवलं. आधी घसरण, मग भाषा येते, ओळखी होतात, माणूस वर चढू लागतो. त्यासाठी वर्षं लागतात आणि नोकरी बदलायची मोकळीक लागते. कतारमध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट कायद्याने निघाली ती थेट 2020 मध्ये. नागरिकत्व तर जवळपास अशक्यच. म्हणून आखातात गेलेल्याच्या ‘यू’ची उजवी बाजू चढते ती इथे, नागपुरात: बेसाकडचा प्लॉट, बहिणीचं लग्न, घरावर दुसरा मजला. तिकडचं काम आवडतं का, याचं उत्तरही तो बहुधा इथलीच शिडी पाहून देतो.

गेल्या सुट्टीत त्या पोराने वरच्या मजल्याची ग्रिल स्वतःच वेल्ड केली. बाप म्हणत होता कारागीर लावू, पैसे आहेत. त्याने ऐकलं नाही. भर मे महिन्यात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, तीन दिवस गच्चीवर ठिणग्या उडत होत्या.