टेबलटॉप रोलप्लेइंग गेम : दोन नियमपद्धतींचे मिश्रण

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि संवादातून कथा पुढे नेत खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये एका खेळाच्या नियमपद्धतीतील भाग दुसऱ्या खेळाच्या नियमांना जोडण्याची प्रथा. कधी एखादा सुटा नियम उचलला जातो, कधी लढाई किंवा जादू असा संपूर्ण विभाग बदलला जातो, तर कधी एका खेळातील पात्रे आकड्यांचे रूपांतर करून दुसऱ्या खेळात आणली जातात. हा निर्णय बहुधा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती घेते. त्याचे परिणाम मात्र टेबलावरील सर्वांना भोगावे लागतात.

ही प्रथा हौशी खेळाडूंनी मागाहून सुरू केली असा समज आढळतो. वस्तुतः या खेळप्रकाराचा जन्मच मिश्रणातून झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा येथील टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेने तीन पुस्तिकांच्या संचात प्रसिद्ध केला. हा संच स्वयंपूर्ण नव्हता. लढाईसाठी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ मधील युद्धखेळाचे नियम हाताशी असतील असे त्यात गृहीत धरले होते, तर रानावनातील प्रवासासाठी ॲव्हलॉन हिल कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या बोर्ड गेमचा पट वापरावा, अशी शिफारस होती.

हा जोड कसा बसवला होता, ते आकड्यांतून पाहता येते. चेनमेलमध्ये ‘हीरो’ चार सामान्य सैनिकांच्या बरोबरीने लढतो आणि ‘सुपरहीरो’ आठांच्या. नव्या खेळात लढवय्याच्या चौथ्या पातळीला हीरो आणि आठव्या पातळीला सुपरहीरो हीच नावे मिळाली. सामान्य माणसाचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती नुकसान सोसू शकतो तो आकडा, सहा बाजूंच्या एका फाशाने ठरत आणि कोणत्याही शस्त्राच्या एका घावाचे नुकसानही तशाच एका फाशाने ठरे. म्हणजे एका घावाला एक सैनिक हा युद्धखेळातला हिशेब सरासरीच्या रूपाने नव्या खेळातही टिकून राहिला. त्याच पुस्तिकांत वीस बाजूंच्या फाशावर चालणारी पर्यायी लढाईपद्धत दिलेली होती, आणि पुढे तीच रूढ झाली. १९७५ मधील ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शस्त्रागणिक नुकसान आणि पात्राच्या वर्गागणिक हिट पॉइंटचे फासे वेगळे केले, तेव्हा हा मूळ हिशेब सुटला. नियम उचलताना त्यामागचे प्रमाणही उचलावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण पुढच्या काळात क्वचितच सापडते.

पुढील काही वर्षांत प्रकाशकांनीच अशा जोडणीला उत्तेजन दिले. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७९ मधील ‘डंजन मास्टर्स गाइड’ या खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात ‘बूट हिल’ हा जुन्या पश्चिम अमेरिकेतील बंदूकबाजांचा खेळ आणि ‘गॅमा वर्ल्ड’ हा अणुयुद्धोत्तर जगाचा खेळ यांतील पात्रे आपल्या खेळात कशी आणावीत, यासाठी रूपांतराच्या सूचना होत्या. आयर्न क्राउन एंटरप्रायझेसचे ‘आर्म्स लॉ’ हे १९८० मधील पुस्तक तर दुसऱ्या खेळातील लढाईचे नियम काढून त्या जागी बसवता यावे, याच हेतूने विकले जात होते. त्यात प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र तक्ता होता, चिलखताचे वीस प्रकार होते आणि शंभराच्या फाशावर निकाल ठरे. मात्र त्यातील गंभीर घावांचे तक्ते वरच्या पातळीच्या पात्रालाही एका फटक्यात ठार करू शकत. पातळीबरोबर वाढणारे हिट पॉइंट हे ज्या खेळाचे मुख्य बक्षीस आहे, तिथे असा तक्ता आला की ते बक्षीसच पोकळ ठरते. लढाई अधिक खरी वाटते, पण पात्र वाढवण्याचे कारण उरत नाही.

मिश्रणातील पहिली तांत्रिक अडचण फाशांच्या गणिताची आहे. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक अंकाची शक्यता सारखीच, ५ टक्के असते. म्हणून एकाची भर पडली की यशाची शक्यता साधारणपणे पाच टक्क्यांनीच वाढते. सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज मात्र मधल्या आकड्यांभोवती गोळा होते. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) आणि त्याच्या घराण्यातील खेळांत सात किंवा अधिक बेरीज आली की निदान अर्धे यश मिळते. कोणतीही भर नसताना ही शक्यता सुमारे ५८ टक्के असते, एकाची भर पडताच ती सुमारे ७२ टक्के होते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या लढवय्याला हल्ल्याच्या फाशात पाचाची भर मिळणे ही नित्याची बाब आहे. तोच अंक तसाच दोन फाशांच्या पद्धतीत नेला, तर सातच्या खाली जाणे अशक्य होते. म्हणून रूपांतर अंकांचे न करता शक्यतेचे करणे योग्य. उदाहरणार्थ, ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथेच्या खेळात एखाद्या पात्राचे कौशल्य ६५ टक्के असेल, तर वीसच्या फाशावर तेरा अंक यशाचे हवेत, म्हणजे आठ किंवा अधिक पडायला हवेत, यशासाठी गाठायचा अंक १५ धरल्यास त्या पात्राला सातची भर द्यावी लागते.

शक्यता जुळल्या तरी नुकसानाचे प्रमाण जुळतेच असे नाही. पाचव्या आवृत्तीतील दहाव्या पातळीच्या लढवय्याचे हिट पॉइंट सहज ८० च्या पुढे जातात, तर कॉल ऑफ क्थुलूमधील सामान्य पात्राचे ११-१२ च्या आसपास राहतात. त्या खेळातील .४५ पिस्तुलाची गोळी सरासरी साडेसात गुणांचे नुकसान करते. तीच गोळी पहिल्या पात्राला दहापेक्षा जास्त वेळा सोसता येते आणि दुसरे पात्र दुसऱ्या गोळीला कोसळते. त्यामुळे पिस्तुलाचा नियम अक्षरशः तोच राहूनही बंदुकीची भीती नाहीशी होते, आणि भयकथेच्या खेळात भीती गेली की नियम आणण्याचा उद्देशच फसतो.

त्या मानाने मानसिक संतुलनाचा नियम नेण्यास सोपा आहे. कॉल ऑफ क्थुलूमधील हे गुण हिट पॉइंटपासून स्वतंत्र मोजले जातात आणि लढाईच्या हिशेबात ढवळाढवळ करत नाहीत. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील ‘डंजन मास्टर्स गाइड’नेही मानसिक संतुलन हा सातवा गुणधर्म ऐच्छिक म्हणून दिला आहे. ज्या उपनियमाचा हिशेब त्याच्यापुरता बंद असतो आणि बाकी नियमांना तो एक-दोन ठिकाणीच टेकतो, तो नव्या जागी सहसा तग धरतो. येथेही प्रसंग निवडावे लागतात. ज्या जगात राक्षस रोज भेटतात, तिथे प्रत्येक राक्षसाला पाहून संतुलनाची परीक्षा घेतली, तर पात्रे काही बैठकांतच निकामी होतील.

आकड्यांहून खोल असलेला विरोध पाळीच्या रचनेत असतो, आणि मिश्रण करणारे नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. अपोकॅलिप्स वर्ल्डच्या पद्धतीत खेळ चालवणारा फासे टाकत नाही. शत्रूचा प्रतिहल्ला बहुधा खेळाडूच्या अपयशातून किंवा अर्ध्या यशातून उद्भवतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये शत्रूला स्वतःची पाळी असते. दोन्ही एकत्र केल्यास खेळाडूच्या अपयशावर शत्रू एकदा मारतो आणि आपल्या पाळीत पुन्हा मारतो. यावर उपाय एकच, की दोहोंपैकी एका पद्धतीची पाळी पूर्णपणे सोडून द्यावी.

घरगुती टेबलावर असे मिश्रण कोणीही करू शकतो. ते प्रकाशित करताना कायद्याचा प्रश्न येतो. अमेरिकी प्रताधिकार कायद्यानुसार खेळण्याच्या पद्धतीला संरक्षण नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या मजकुराला आहे. ही सीमारेषा व्यवहारात धूसर असल्याने डंजन्स अँड ड्रॅगन्सची पुढची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००० मध्ये आणलेल्या ओपन गेम लायसन्सचे महत्त्व मोठे ठरले. त्याखाली मूलभूत नियमांचा मजकूर इतर प्रकाशकांना वापरता आला, आणि त्याच आधारावर २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ या नियमसंचाने जुन्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम नव्याने उभे केले. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलण्याचा कंपनीचा विचार उघड झाला आणि खेळाडू व प्रकाशक यांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर २७ जानेवारीला कंपनीने पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. मूळ निर्मात्याचा योग्य उल्लेख केल्यास या संग्रहातील मजकूर अन्य नियमपद्धतीशी जोडून, विक्रीसाठीही, प्रकाशित करता येतो.