नांदायला जाण्याची सक्ती : विवाहातील समतेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

हिंदू विवाह कायद्याचे कलम 9 वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेविषयी आहे. पती किंवा पत्नी सबळ कारणाशिवाय वेगळी राहू लागल्यास, जोडीदाराने परत येऊन एकत्र राहावे असा हुकूमनामा दुसऱ्याला न्यायालयाकडून मागता येतो. या तरतुदीच्या घटनात्मक वैधतेला आव्हान देणारी याचिका 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि ती नव्या पिढीची मागणी असल्यासारखी चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात हाच प्रश्न 1884 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला होता, आणि तो उभा करणारी स्त्री, रखमाबाई, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती.

त्यासाठी जमीन आधीच नांगरली जात होती. सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 रोजी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीराव फुले यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराला जाब विचारते आणि वर तिला वचन देतो. भर मांडवात वधूला बोलायला लावणे ही त्या काळातील फार मोठी गोष्ट होती. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली होती, आणि जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा ताराबाईंचा रोकडा सवाल होता.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या आणि तिथेच त्यांनी वाचनाची गोडी जोपासली. 1884 मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. पतीच्या स्वभावाबद्दल, प्रकृतीबद्दल आणि कमाईबद्दल रखमाबाईंच्या तक्रारी होत्याच, परंतु त्यांचा मुख्य मुद्दा याहून मूलगामी होता : ज्या लग्नाला संमती देण्याचे आपले वय नव्हते, ते आपल्यावर बंधनकारक का असावे?

सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. एखाद्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा पुरुषाच्या हवाली करणे क्रूर ठरेल, असे त्यांचे मत होते. शिवाय पुनर्स्थापनेचा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडमधील चर्चच्या धर्मन्यायालयांतून आलेला आणि एकत्र राहून विभक्त झालेल्या जोडप्यांसाठी होता, असेही त्यांनी दाखवून दिले. ही बाब विसरता कामा नये, कारण पुढे सनातनी पक्षाने धर्म बुडाल्याची जी ओरड केली, ती या परकीय उपायाच्या रक्षणासाठी होती. अपिलात 1886 मध्ये तो निकाल फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना आदेश दिला की एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी जाहीर केली. या कारणासाठी तुरुंगवास देण्याची पद्धत खुद्द इंग्लंडने 1884 मध्येच बंद केली होती.

लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंविरुद्ध कडक भूमिका घेतली, तर समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केले, ही कथा आजही सांगितली जाते. तिला आधार नाही. प्रकरण 1888 मध्ये तडजोडीने मिटले आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरतेत त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या खटल्याने तापलेल्या वातावरणातच 1891 चा संमतिवयाचा कायदा आला आणि शरीरसंबंधांसाठी संमतीचे वय दहावरून बारा झाले. हुकूमनामा न पाळणाऱ्या जोडीदाराला कैद करण्याची तरतूद 1923 मध्ये गेली, पण मालमत्तेवर जप्ती आणण्याचा मार्ग उरला. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे तुकड्यातुकड्यांनी जे कायदे झाले, त्यांतील 1955 च्या विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणि घटस्फोटाचा हक्क दिला, आणि पुनर्स्थापनेचा जुना उपायही कलम 9 म्हणून तसाच ठेवला. कायदा मे महिन्यात अमलात आला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारल्या.

कागदावर हे कलम दोघांनाही सारखेच लागू आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी 1983 मध्ये टी. सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. असमान परिस्थितीतील दोघांना एकच नियम लावला की त्याचा भार स्त्रीवर पडतो आणि मूल कधी, कोणाचे, हा तिचा निर्णय तिच्या हातून जातो, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहसंस्था टिकवण्याचा हेतू पुढे करून कलम वैध ठरवले. त्या खटल्यात पुनर्स्थापना पत्नीनेच मागितली होती. पतीने हुकूमनाम्याला संमती दिली आणि वर्षभर एकत्र राहणे झाले नाही, याच आधारावर घटस्फोट मिळवला.

परत जायचे ते कशासाठी, याचे उत्तर केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सापडते. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे. आणि मुळात ती करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण जेमतेम एक चतुर्थांश होते. अपघाती नुकसानभरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये याच आकड्यांचा दाखला देऊन गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य असल्याचे मान्य केले.

जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सैल केली. पुनर्स्थापनेचा हुकूमनामा पत्नीने पाळला नाही, एवढ्याच कारणावरून तिची पोटगी नाकारता येणार नाही. परत न जाण्यामागे तिला पुरेसे कारण होते का, हे प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे तपासावे लागेल.