दारातली सालं आणि व्हायरसचे तुकडे

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलला गेलो होतो. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, जवळपास नेहमीच एचपीव्ही व्हायरसमुळे होतो तो. नंबरची वाट बघत बसलो असताना ती म्हणाली, "व्हायरस तर बाहेरचा आहे ना रे, मंग शरीराला दिसत कसा नाही?"

दिसतो, पण अख्खा नाही. पेशी आपल्या आतली प्रोटीन्स सतत बारीक कापत राहते आणि त्यातले काही तुकडे, म्हणजे पेप्टाइड, एचएलए नावाच्या ताटलीत ठेवून दारात मांडते. हिवाळ्यात नागपुरात कोणाच्या दाराशी संत्र्याची सालं दिसली की आत काय खाल्लं ते विचारावं लागत नाही, तसंच टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी, दारोदार फिरतात आणि व्हायरसचा तुकडा दिसला की ती पेशीच मारून टाकतात. हे शोधणाऱ्या डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना 1996 चं नोबेल मिळालं.

आता टी पेशींना हा तुकडा ओळखायला शिकवणारी लस करायची, तर नेमका कोणता तुकडा घ्यायचा? एचपीव्हीच्या 16 नंबरच्या प्रकाराचं ई7 प्रोटीन घ्या, ते पेशीच्या वाढीला लागलेला ब्रेक निकामी करतं, त्याच्याशिवाय गाठ वाढूच शकत नाही म्हणून निशाणा चांगला. ही 98 अमिनो ॲसिडची माळ, ताटलीत साधारण 9 मणी मावतात, पहिल्यापासून एकेक मणी सरकत गेलं की 90 तुकडे होतात. त्यातले कोणते बसतील ते कॉम्प्युटर सांगतो, पण बसणं वेगळं आणि गाठीनं खरंच दारात मांडणं वेगळं! म्हणून गाठीच्या पेशींवरचे तुकडे सोडवून घेतात, मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या, वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रात ओळखतात, मग पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी त्यावर चवताळतात का ते बघतात. शिवाय ताटलीचा आकार माणसागणिक वेगळा, युरोपात चालणारा तुकडा आपल्याकडे बसेलच असं नाही, त्यामुळे आपल्या लोकांच्या एचएलएवर भरपूर काम व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नेदरलँड्समध्ये यावर छान उपाय केला, लस म्हणून लांब तुकडे टोचले, म्हणजे ज्याच्या त्याच्या पेशी आपल्या मापानं कापून घेतील. 2009 साली निकाल आला, बाहेरच्या जननेंद्रियावर कॅन्सरआधीचे चट्टे असलेल्या 19 बायकांपैकी 9 जणींचे चट्टे वर्षभरानंतर पूर्ण गेलेले होते.

मोठ्या झालेल्या गाठीवर मात्र नुसती लस कमी पडते, कारण अशी गाठ टी पेशींना थकवून टाकते आणि बऱ्याचदा ताटलीच दारातून आत ओढून घेते, मग सालं दिसणार कुठून? म्हणून आता लसीसोबत टी पेशींना पुन्हा जागं करणारी औषधं देऊन बघताहेत.