पार्श्वभूमी : चाहत्यांचा कौल, पण नेमका कोणाचा?

सुपरहिरोंचे चाहते, रॉक बँडमागे धावणारे आणि एखाद्या नटावर किंवा गायकावर क्रश असलेली पोरं-पोरी, ही सगळी आज एकाच जमातीत मोजली जातात. त्यांची सुरुवात मात्र एका जागी झालेली नाही, आणि त्यांना मिळालेली वागणूकही सारखी नव्हती.

1841-42 च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन पियानोवादकाची ओढून टाकलेली सिगारची थोटकं स्त्रिया जपून ठेवत. 1926 मध्ये न्यूयॉर्कला मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याच्या अंत्यदर्शनासाठी लाखभर माणसं लोटली. 1944 च्या ऑक्टोबरात टाइम्स स्क्वेअर परिसरात फ्रँक सिनात्रा या गायकासाठी तीसेक हजारांची, मुख्यतः मुलींची, गर्दी उसळली. ही उदाहरणं नेहमीच दिली जातात, त्यात रेंगाळायचं कारण नाही.

कॉमिक्सचा चाहतावर्ग गर्दीतून नव्हे, टपालातून जमला. विज्ञानकथांची अमेरिकन मासिकं वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापत आणि त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना गाठत. सुपरमॅनचे क्लीव्हलँडमधले दोन जनक याच मुशीतले. 1938 मध्ये त्यांचा नायक छापून येण्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी त्याच नावाच्या एका खलनायकाची कथा स्वतःच्या हौशी अंकात छापली होती. 1954 मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेने कॉमिक्समधला हिंसाचार आणि भय छाटून त्यांची नखं काढली. 1960 च्या सुमाराला सुपरहिरोंच्या अंकांतही पूर्ण पत्ते येऊ लागले आणि विखुरलेले वाचक पुन्हा जोडले गेले. 1964 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या मेळाव्याला शंभरएक जण होते, ऑगस्ट 1970 मध्ये सॅन दिएगोला तीनशेच्या आसपास. त्याच सॅन दिएगोत आता दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक लोक येतात.

पत्र लिहिणाऱ्या मुलाला ‘संग्राहक’ म्हटलं गेलं, किंचाळणाऱ्या मुलीला ‘उन्माद’ झाला असं निदान झालं. लिव्हरपूलच्या चौघांच्या, म्हणजे बीटल्सच्या, बाबतीत हे उघड दिसतं. 9 फेब्रुवारी 1964 रोजी ते अमेरिकन टीव्हीवर आले तेव्हा सुमारे 7 कोटी 30 लाख लोक पाहत होते. एकाचा चेहरा दाखवताना पडद्यावर ओळ आली : माफ करा मुलींनो, याचं लग्न झालंय. म्हणजे क्रश हा व्यवहाराचा भाग आहे, हे दाखवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑगस्ट 1966 नंतर चौघांनी दौरे थांबवले, आणि त्याचं खापर बरेचदा मुलींच्या आरडाओरडीवर फोडलं जातं. आवाज ऐकू येत नव्हता हे खरंच. पण त्याच वर्षी मनिलात त्यांना धक्काबुक्की झाली होती, अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या होत्या, आणि स्टुडिओत घडवलेली नवी गाणी त्या काळच्या साधनांनी मंचावर वाजवता येत नव्हती. हे सगळं सोडून पोरींना धरायचं, ही सोयीची मांडणी आहे.

मुलींसाठीची मासिकं तोवर बस्तान बसवून होती. तारका-ताऱ्यांची भिंतीवर लावायची चित्रं आणि ‘त्याला कशी मुलगी आवडते’ छापाचे लेख हा त्यांचा ठरलेला माल. या धंद्याची काळी बाजू मे 1974 मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर दिसली. डेव्हिड कॅसिडी या अमेरिकन किशोरनायकाच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी झाली, शेकडो जण जखमी झाले आणि एका चौदा वर्षांच्या मुलीचा पुढे मृत्यू झाला.

रॉक आणि सुपरहिरो अक्षरशः रक्ताने जोडले गेले ते 1977 मध्ये. चेहरे रंगवून गाणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘किस’ या बँडचं कॉमिक निघालं. चौघांचं रक्त काढून छपाईच्या लाल शाईत मिसळलं गेलं, तेही छायाचित्रकारांसमोर. ‘किस आर्मी’ नावाची त्यांच्या चाहत्यांची ‘सेना’ मात्र कंपनीने उभारली नव्हती. 1975 मध्ये इंडियाना राज्यातल्या टेर हाउत गावची पोरं स्थानिक रेडिओ केंद्राकडे या बँडची गाणी वाजवा म्हणून हटून बसली. तिथून ती सुरू झाली, बँडने तिला अधिकृत रूप नंतर दिलं.

आता ज्या निर्णयावरून अजून वाद होतात, तो. रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा किशोरवयीन साथीदार. 1983 मध्ये आलेला दुसरा रॉबिन, जेसन टॉड, 1987 मध्ये नव्याने लिहिला गेला : बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला रस्त्यावरचा पोरगा. तो अनेक वाचकांच्या डोळ्यांत खुपू लागला. त्याचं काय करायचं हे वाचकांनीच ठरवावं, अशी कल्पना संपादकांनी काढली. एका अंकाच्या शेवटी रॉबिन स्फोटात सापडतो, आणि खाली दोन फोन नंबर : एक त्याला वाचवायला, एक मारायला. दर फोनला 50 सेंट. सप्टेंबर 1988 मध्ये साधारण दीड दिवस लाइन खुली होती. मारा म्हणणारे 5,343, वाचवा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी पोरगा मेला.

एका माणसाने एकच फोन करावा, अशी अट कुठे होती? ज्याच्या खिशात पैसे त्याची मतं जास्त. कुणीतरी संगणक लावून तासन्‌तास मरणाचाच नंबर फिरवत ठेवला, असं आपण ऐकल्याचं संपादकाने पुढे सांगितलं. ते खरं मानलं तर एका हट्टी माणसाने निकाल फिरवला असणं शक्य आहे, कारण फरकच तेवढा होता. बाहेरच्या जगाला तर हा दुसरा रॉबिन आहे याचीच कल्पना नव्हती. टीव्हीवरचा आपला रॉबिन मारला, म्हणून लोक संतापले. वाचकांना रक्तपिपासू ठरवणं त्यानंतर सोपं झालं. पण प्रश्न प्रकाशकाने विचारला होता, नंबर त्यानेच छापले होते, आणि दोन्ही शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते. माझ्या मते दोषाचा मोठा वाटा तिकडे जातो. गंमत म्हणजे 1989 मध्ये आलेला तिसरा रॉबिन हा स्वतःच बॅटमॅनचा चाहता, निरीक्षणातून त्याची खरी ओळख शोधून काढणारा. जेसनला 2005 मध्ये परत आणलं गेलं, कोणालाही न विचारता.

त्या मतमोजणीतला गोंधळ समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणात पुन्हा दिसला. 2017 च्या ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोपटाची मूळ दिग्दर्शकाची, म्हणजे झॅक स्नायडरची, आवृत्ती दाखवा, अशी मोहीम चाहत्यांनी चालवली. त्यांनी आत्महत्या प्रतिबंधाच्या कामासाठी लाखो डॉलर जमवले, आणि त्याच मोहिमेत स्टुडिओच्या माणसांना छळलंही गेलं. मार्च 2021 मध्ये चार तासांची आवृत्ती आली. मोहिमेतली बरीच खाती बनावट होती, अशी बातमी पुढच्या वर्षी छापून आली, त्यावर चाहते अजून भांडतात. त्या कथेचे ठरलेले पुढचे भाग मात्र निघालेच नाहीत.