प्रदूषित भूजलाचा जैवोपचार: जिवाणूंना नेमके काय कमी पडते, या शोधाची पार्श्वभूमी

जमिनीत मुरलेले इंधन किंवा भूजलात उतरलेली औद्योगिक रसायने सूक्ष्मजीवांकरवी नष्ट करण्याच्या पद्धतीला जैवोपचार किंवा बायोरेमेडिएशन म्हणतात. त्यामागची समज बरीच जुनी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून, तळाशी बसलेला जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरून ते शुद्ध करण्याची रीत मांडली. आजही जगभरातील अनेक सांडपाणी प्रकल्प याच रीतीवर चालतात. १९४६ मध्ये क्लॉड झोबेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा खनिज तेलावर जगणारे जिवाणू निसर्गात सर्वदूर आढळतात, हे स्पष्ट झालेले होते. मग जिवाणू सगळीकडे असूनही जमिनीत सांडलेले तेल वर्षानुवर्षे तसेच का राहते? माझ्या मते या विषयाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाची टप्प्याटप्प्याने मिळत गेलेली उत्तरे आहेत.

पहिले उत्तर साध्या गणितात होते. एक ग्रॅम हायड्रोकार्बनचे, म्हणजे पेट्रोल किंवा तेल ज्यांचे बनलेले असते त्या कर्ब-हायड्रोजनच्या संयुगांचे, पूर्ण विघटन होण्यासाठी सुमारे तीन ग्रॅम प्राणवायू लागतो. हवेच्या संपर्कातले पाणी मात्र लिटरमागे जेमतेम आठ ते दहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळवून ठेवू शकते. म्हणजे जमिनीत गळालेले एक लिटर पेट्रोल केवळ विरघळलेल्या प्राणवायूच्या बळावर संपवायचे, तर दोन लाख लिटरांहून अधिक ताजे पाणी त्यातून जावे लागेल. शिवाय पेट्रोलमध्ये कर्ब भरपूर असला, तरी जिवाणूंच्या वाढीसाठी लागणारे नत्र आणि स्फुरद त्यात जवळजवळ नसतात. थोडक्यात, अन्नाचा ढीग समोर असूनही जिवाणूंची उपासमार होत असते.

हे ओळखून प्रत्यक्ष जमिनीत काम करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील अँब्लर येथे झाला. तेथे इंधनाच्या वाहिनीतून गळालेले पेट्रोल भूजलात पोचले होते. आधी पंपाने जेवढे काढता आले तेवढे काढण्यात आले. त्यानंतर सन ऑइल कंपनीतील रिचर्ड रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरींतून हवा आणि नत्र-स्फुरदयुक्त क्षार आत सोडले. बाहेरून जिवाणू आणले नाहीत. तिथल्याच जिवाणूंची संख्या वाढवली. १९७४ मध्ये रेमंड यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढे प्राणवायू अधिक मिळावा म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरून पाहिले गेले, पण ते विहिरीजवळच फुटून जाई आणि त्याचे बुडबुडे मातीतल्या वाटा अडवीत. पाण्यापेक्षा हवेतून प्राणवायू पोचवणे कितीतरी सोपे आहे, हे ध्यानात आल्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस भूजल पातळीच्या वरच्या मातीत मंद गतीने हवा खेळवण्याची पद्धत पुढे आली. युटा राज्यातील हिल हवाई तळावर विमानाच्या इंधनाने दूषित झालेल्या मातीत ती यशस्वीपणे वापरली गेली.

याच काळात लोकांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेलातील अनेक घटक पचवू शकणारा स्यूडोमोनास जिवाणू प्रयोगशाळेत घडवला होता आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या पेटंटला मान्यता दिली. कायद्याच्या इतिहासात हा निकाल फार मोलाचा ठरला, परंतु तो जिवाणू तेलगळतीच्या सफाईसाठी कधी प्रत्यक्ष वापरात आला नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्झॉन वाल्डीझ जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर जी वस्तू फवारण्यात आली ती होती खत. वरच्या थरातील तेलाचे विघटन त्यामुळे वेगाने झाले. पुढच्या वर्षी तयार जिवाणूंची व्यापारी मिश्रणेही तपासली गेली, पण त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. दगडगोट्यांखाली खोल दबलेले तेल, जिथे प्राणवायू पोचत नव्हता, ते मात्र दशकांनंतरही सापडत राहिले.

क्लोरीनयुक्त विद्रावकांनी, म्हणजे तेलकट मळ विरघळवणाऱ्या रसायनांनी, ही सारी समज उलटी केली. कपड्यांची ड्रायक्लीनिंग आणि यंत्रभागांची सफाई यांसाठी वापरले जाणारे टेट्राक्लोरोइथिलीन आणि ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड असल्याने जलधराच्या, म्हणजे भूजल साठवणाऱ्या थराच्या, तळापर्यंत उतरतात. प्राणवायूविरहित स्थितीत जिवाणू त्यांतील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात, हे कळले. पण १९८५ मध्ये व्होगेल आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिले की या वाटेवर व्हायनिल क्लोराइड तयार होते, आणि ते कर्करोगकारक आहे. अर्धवट झालेला उपचार मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठरू शकतो, ही जाणीव या क्षेत्राला तेव्हा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. चारच वर्षांनी कॉर्नेल विद्यापीठातील फ्रीडमन आणि गॉसेट यांना हीच साखळी निरुपद्रवी इथिलीनपर्यंत पूर्ण होताना दिसली. १९९७ मध्ये त्यासाठी जबाबदार असलेला डिहॅलोकॉकॉइडिस हा जिवाणू वेगळा करण्यात आला. आपण जसा प्राणवायू श्वासात घेतो, तसा तो क्लोरीनयुक्त संयुगांचा उपयोग करतो आणि हायड्रोजनवर जगतो. प्राणवायू त्याला मारक असतो. म्हणून अशा ठिकाणी हवा सोडण्याऐवजी काकवी, लॅक्टेट किंवा वनस्पती तेल विहिरीतून आत सोडतात. त्यांच्या किण्वनातून, म्हणजे आंबण्यातून, हायड्रोजन मिळतो आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. शिवाय हा जिवाणू सर्वत्र नसतो. डेलावेअर राज्यातील डोव्हर हवाई तळावर साखळी मध्येच थांबत होती. बाहेरून संवर्धित जिवाणू आणून सोडल्यावर ती इथिलीनपर्यंत गेली. जिवाणू आणण्याला खरा अर्थ कुठे आहे, हे त्यातून कळले.

दरम्यान मिनेसोटा राज्यातील बेमिजी येथे काहीही न करता काय घडते, याचा अभ्यास सुरू होता. ऑगस्ट १९७९ मध्ये तेथे वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले आणि सफाईनंतरही सुमारे चार लाख लिटर जमिनीत उरले. १९८३ पासून शास्त्रज्ञ तेथे निरीक्षण विहिरींतून नमुने घेत आले आहेत. प्राणवायू संपल्यावरही जिवाणू मातीतील लोहाच्या संयुगांचा आधार घेऊन तेलातील घटक हळूहळू फोडत राहतात, हे तेथे दिसले. डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या गाळातून मिळवलेल्या जिओबॅक्टरसारख्या जिवाणूंमुळे ही रीत समजली. दूषित पाण्याचा पट्टा त्यामुळे अपेक्षेपेक्षा बराच कमी पसरला. अशा पुराव्यांच्या आधारे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये देखरेखीखालील नैसर्गिक घट, म्हणजे प्रदूषण निसर्गालाच कमी करू देऊन केवळ मोजमाप करत राहणे, हा उपाय कोणत्या अटींवर मान्य होईल, याचे धोरण जाहीर केले. मात्र जिवाणूंनी लोह वापरताना त्याला चिकटलेले नैसर्गिक आर्सेनिक सुटून पाण्यात येते, हेही पुढे बेमिजीतच आढळले, आणि तेव्हापासून तेलाचे घटक मोजणाऱ्या विहिरींतून आर्सेनिकही मोजले जाऊ लागले.