बारा बोअर, एक गोळी आणि हलणारी नळी

अमेरिकेतल्या इलिनॉय, आयोवा, ओहायो या मक्याच्या पट्ट्यातल्या राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे. पण कित्येक दशकं तिथे या शिकारीला नेहमीची रायफल चालत नव्हती, आणि बऱ्याच अंशी अजूनही चालत नाही. जमीन सपाट, आडवा डोंगर नाही, थोड्या थोड्या अंतरावर कुणाचं तरी शेतघर. रायफलची चुकलेली गोळी फार लांब जाईल ही भीती. म्हणून शिकाऱ्याच्या हाती राहिली शॉटगन, म्हणजे आपल्याकडची बारा बोअर, आणि तिच्यात छऱ्यांऐवजी शिशाची एकच जाड गोळी. तिला स्लग म्हणतात. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या 1991 च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ बंदच केली, त्यामुळे पीकरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेल्या बारा बोअरला हा प्रश्न सहसा पडत नाही.)

अडचण अशी की हे हत्यार नेमाच्या कामासाठी केलेलंच नाही. उडत्या पक्ष्यामागे झटक्यात फिरवायचं आणि छऱ्यांचा सडा पाडायचा, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित. चार बोटं इकडेतिकडे झालं तरी छरे सांभाळून घेतात. एकटी गोळी नाही घेत.

शॉटगनसारख्या आतून गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी का भरकटते, याचं उत्तर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकातच शोधलं होतं. नळीला घासत बाहेर पडताना गोळीला कसलीतरी गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळे हवा तिला एका बाजूला ढकलते. हे पटवून द्यायला त्याने बंदुकीच्या नळीचं तोंड मुद्दाम डावीकडे वाकवलं आणि समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे निघाली आणि पुढच्या पडद्यांवरची भोकं उजवीकडे वळत गेली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून भारतात आला आणि 1751 मध्ये मद्रासच्या दक्षिणेला, फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, गोळीचं वजन पुढे ठेवायचं. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने 1898 मध्ये भरीव गोळीच्या मागे हलकी गादी जोडली. अमेरिकेत कार्ल फॉस्टरने 1931 मध्ये गोळी मागून पोकळ केली. दोन्हींचं तत्त्व बॅडमिंटनच्या शटलचं: जड टोक पुढे, हलकी शेपटी मागे, तिरकं झालं की हवाच सरळ करते. (पुण्यातल्या इंग्रज छावणीत हा खेळ इतका रुजला की त्याचं एक जुनं नावच ‘पूना’ आहे.) फॉस्टरच्या स्लगवर तिरप्या कडा दिसतात. त्यांनी गोळी गरगर फिरते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण त्यांनी मिळणारी गिरकी नगण्य असते. नळीच्या अरुंद तोंडातून, म्हणजे चोकमधून जाताना शिसं दाबलं जायला जागा मिळावी, हे त्यांचं खरं काम.

दुसरा उपाय म्हणजे ठरवून गिरकी देणं. नळीत आत पेचदार आटे पाडायचे. जॉर्ज फॉस्बेरी या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने 1885 मध्ये फक्त नळीच्या तोंडाशी आटे असलेल्या बंदुकीचं पेटंट घेतलं. ‘पॅराडॉक्स’ नावाची ती बंदूक छरेही उडवी आणि गोळीही, म्हणून इथल्या शिकारी साहेबांची आवडती होती. आजच्या स्लग बंदुकीत नळीभर आटे असतात, साधारण 28 ते 36 इंचांत एक फेरा. 28 इंचांच्या फेऱ्याच्या नळीतून सेकंदाला 460 मीटर वेगाने निघालेली गोळी मिनिटाला जवळजवळ 39,000 फेरे घेते. तिच्यातला घडणीचा बारीक दोष मग एकाच बाजूला ओढत राहत नाही.

आट्याच्या नळीसाठी सॅबो स्लग असतो: बारीक गोळी, भोवती प्लास्टिकचं कवच. कवच आट्यांना धरतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडताच गळून जातं. हीच महागडी काडतुसं गुळगुळीत नळीत घातली तर पैसे पाण्यात, कारण ज्या गिरकीवर ती विसंबून आहेत ती तिथे मिळतच नाही.

एवढं करूनही गोळ्या विखुरतात, तेव्हा लोक काडतुसाचा ब्रँड बदलतात. माझ्या मते आधी बंदुकीकडे बघावं. पंप शॉटगनची, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीची, नळी साफसफाईसाठी सहज निघते, म्हणजेच ती आपल्या खाचेत किंचित हलते. 60 सेंटिमीटरच्या नळीचं तोंड बुडाच्या मानाने अर्धा मिलिमीटर सरकलं, तर 100 मीटरवर फरक पडतो आठ सेंटिमीटरचा. दुर्बीण बंदुकीच्या मधल्या भागावर बसवलेली असेल तर नळी एकीकडे आणि दुर्बीण भलतीकडे बघते. म्हणूनच काही नळ्यांवर दुर्बिणीची पट्टी थेट नळीलाच जोडलेली असते, आणि अमेरिकेतले बंदूक कारागीर नळी पेचाने पक्की करून देतात. इथाका कंपनीने ‘डीअरस्लेयर टू’ या बंदुकीत नळी कायमची बसवली ती याचसाठी.

मग चाप. या बंदुकांचा चाप ओढायला अडीच-तीन किलोंचा जोर लागतो, म्हणजे जवळपास बंदुकीच्या वजनाइतका. तेवढा जोर देताना नेम हलणारच.

आणि धक्का. गोळी गेल्यावर धक्का बसतो असं वाटतं, पण तो गोळी आत असतानाच सुरू होतो. 28 ग्रॅमची गोळी 60 सेंटिमीटर पुढे जाते तेवढ्यात, त्या दोन-तीन सहस्रांश सेकंदांत, सव्वातीन किलोची बंदूक सुमारे 5 मिलिमीटर मागे आलेली असते. दस्ता नळीच्या रेषेखाली असल्यामुळे नळीचं तोंडही उचललं जातं. खांद्याला कधी घट्ट, कधी सैल धरली की हे उचलणं बदलतं आणि गोळी वेगळीकडे लागते. जड बंदूक आणि दर वेळी सारखी पकड यांचा फायदा इथे होतो.

तपासणीतही एक खोट राहते. स्लग महाग, खांदा दुखवणारा. त्यामुळे तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की माणूस खूश होऊन घरी जातो. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ लागतात. दहा झाडल्या की बंदुकीचा खरा पसारा दिसतो, मात्र मधे नळी थंड होऊ द्यावी लागते. शिवाय फॉस्टर स्लग 100 यार्डांपर्यंत फूटभर खाली येतो आणि वाटेतच आवाजाच्या वेगाखाली उतरतो, त्या टप्प्यात डळमळतोही. अशा लांबच्या, अंदाजपंचे नेमात हरीण मरत नाही, जखमी होऊन झाडीत जातं.

आता मूळ कायद्याकडे. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने करवून घेतलेला अभ्यास 2007 मध्ये आला. बंदूक वर रोखून झाडली तर रायफलची गोळीच सर्वांत लांब जाते, हे अपेक्षितच होतं. पण जमिनीला समांतर झाडली, तर गोळी जमिनीवर आपटून उसळते. आणि ही उसळी धरून केलेल्या गणितात शॉटगनचा स्लग रायफलच्या गोळीपेक्षा थोडा पुढेच गेला. ओहायो आणि मिशिगनने 2014 पासून सरळ कोठीच्या (गोळीकडे अरुंद न होणाऱ्या), कमी पल्ल्याच्या रायफल काडतुसांना परवानगी दिली, इलिनॉयने 2023 पासून एकबारी रायफलीपुरती. ती काडतुसं खांद्याला सोसतात आणि नेमही बरा देतात, त्यामुळे नवा शिकारी स्लग बंदुकीकडे क्वचितच वळेल. ज्याच्याकडे जुनी पंप आहे, त्याने मात्र काडतुसांची सहावी पेटी घेण्याआधी नळी हलवून बघावी.