डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा भौतिकोपचार

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला मान धरणे, बसणे, उभे राहणे, चालणे नीट जमावे म्हणून दिला जाणारा व्यायामोपचार. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असणे हे या जन्मजात स्थितीचे कारण १९५९ मध्ये उघड झाले. अशा मुलांचे स्नायू शिथिल, सांध्यांचे बंध सैल आणि हातपाय धडाच्या मानाने आखूड असतात. तोल सांभाळणारा लहान मेंदूही आकाराने कमी भरतो. त्यामुळे मूल साधारण दोन वर्षांच्या आसपास चालू लागते, काहींना चौथे वर्षही लागते.

या उशिराची घरच्यांना फार काळजी वाटते. खरे लक्ष मात्र चालण्याच्या ढबीकडे हवे. सैल सांध्यांमुळे मूल पाय फाकवून, गुडघे मागे ताणून, तळवे सपाट टाकत चालते. ही सवय मुरली की मोठेपणी गुडघे आणि पावले दुखतात.

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून भौतिकोपचारासाठी नंदुरबारला जाऊन येण्यात दिवस मोडतो. त्यामुळे घरचा व्यायामच मुख्य. बाजेला धरून उभे राहणे, उकिडवे बसून खेळणे उचलणे, ओट्याची पायरी चढणे-उतरणे, शेतातल्या मऊ मातीत अनवाणी चालणे, एवढ्यातून पुष्कळ साधते. उन्हाळ्यात खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा हे सकाळी लवकर उरकावे. कडेवर घेतल्याने पाय आणखी फाकतात. मुलाची पाठ आपल्या छातीला टेकवून, पाय जवळ धरून घेणे बरे. पांगुळगाडा चालतो, पण मूल आधाराने उभे राहू लागल्यावरच, आणि तोही वजन ठेवून जड केलेला. हलका गाडा पुढे पळतो नि मूल तोंडावर पडते. आजीच्या तेलमालिशने बाळ सुखावते, ताकद मात्र त्याने स्वतः हातपाय हलवल्यानेच येते.

मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नको. चाल अचानक बिघडली, मान तिरकी राहू लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून तातडीने दवाखाना गाठावा. जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. ती तपासणी व्यायामाआधी व्हावी.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाड्यांत येणारी तपासणी पथके अशा मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. पथक येण्याची वाट न पाहता पालकांनी बाळ काही आठवड्यांचे असतानाच सरकारी रुग्णालयात विचारणा करावी.